रेडिओच्या काचेवरची टिकली

सावळाराम,

तुम्हाला पत्र लिहिणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. तुमच्या वैशाखरे गावचा पोस्टमन आता ते कुठं नेऊन देणार? पण तुमच्या दहाव्याला जो तो उठून 'देवमाणूस होता' म्हणत होता, ते ऐकून माझं डोकं उठलं. कसले देवमाणूस! हट्टी होतात, रेडिओवेडे होतात, आणि बायकोच्या बाबतीत चाळीस वर्षं ठार बहिरे होतात. मी तुम्हाला नावं ठेवतेय खरी, पण तुमचं एक काम माझ्याकडून राहिलं. साधं काम. शंभर पावलांचं.

चंद्रकलाबाईंनी इथवर लिहिलं आणि कागद बाजूला सारला. आयुष्यभर मुलांना 'पुढे लिहा' म्हणून दटावणाऱ्या या मुख्याध्यापिकेला पुढची ओळ काही सुचेना.

सावळाराम वीज खात्यात वायरमन होता. मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत असा खांब नसेल ज्यावर तो चढला नाही. ज्या घरात टीव्ही यायचा, त्या घरातला रेडिओ माळ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जाऊन पडायचा. सावळाराम वायर ओढता ओढता विचारायचा, "फेकायचाय का? मग मला द्या की." असे तेहतीस रेडिओ त्यानं जमवले. मागच्या खोलीत फळ्या ठोकून प्रत्येकाला प्लास्टिकचं झबलं घातलं. कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. स्वतःही ते कधी लावून ऐकायचा नाही. "व्हॉल्व गेला तं नवा कुठून आनू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

एकच रेडिओ त्या खोलीत नव्हता. त्याची बायको कमळ हिनं लग्नात माहेराहून आणलेला, लाकडी खोक्याचा. तो चुलीजवळच्या फळीवर असायचा. पहाटे चूल पेटवली की ती आधी त्याचं बटण फिरवायची. आतले दिवे तापायला वेळ लागतो, चहाला आधण येईपर्यंत आवाज यायचा. सावळाराम ओरडायचा, "अगो, झिजतोय तो!"

"झिजू दे. मी पन झिजते नव्हं? भात शिजवायचं भांडं नि ऐकायचा रेडिओ फळीवर मांडून काय पुजायचा?"

कमळला वाचता येत नव्हतं. चंद्रकलाबाईंच्या प्रौढ वर्गाला ती चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी लावणीच्या चिखलात दिसली. बाईंनी बांधावरूनच तिला ढ म्हणून घेतलं. काचेवरचे आकडे तिला कळायचे नाहीत, म्हणून तिनं स्वतःची सोय केली होती. कपाळाला लावतात तसं आधी मेण, मग त्यावर कुंकू. काचेवर एक लाल टिकली. काटा टिकलीपाशी आणायचा की मुंबईचं स्टेशन.

"बाई, ह्ये बघा माझं अक्षर," ती म्हणायची. "सगळ्या शाळंत मला येवढंच येतं."

एका संक्रांतीला हळदीकुंकवाला गेलेल्या बाईंनी आपल्या बटणाच्या फोनवर तिचा फोटो काढला. बटणावर हात, मान मागं टाकून हसतेय, आणि मागं काचेवर टिकली.

मग शहापूरच्या एका शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. सावळारामचे रेडिओ तिथं मांडायचे, हा बाईंचाच उत्साह. त्यांच्या ओळखीचे एक संग्राहक नाशिकहून मुद्दाम बघायला आले. तेहतिसांवरून नजर फिरवून ते चुलीजवळच्या रेडिओपाशी थांबले.

"खरा दुर्मिळ हा आहे," ते म्हणाले. "हा वाजवत जाऊ नका. आणि काचेवर डाग कसला?"

सावळाराम ओशाळला. "बायकोचा चाळा, साहेब."

"पुसून टाका हो," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "आपल्याकडं काय आहे त्याची किंमत माणसाला कळायला नको?"

कमळ तेव्हा शहापूरला होती, लेकीच्या, दर्शनाच्या बाळंतपणाला. सावळारामनं रॉकेलचा बोळा केला आणि एका फटक्यात काच लख्ख केली. प्रदर्शनात त्या रेडिओपुढं लोक थांबले, बाईंनी भाषण केलं, सावळारामला शाल मिळाली. रेडिओ परत चुलीजवळ आला. कमळही आली. तिनं काचेकडं पाहिलं आणि चूल पेटवली. बटण फिरवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सावळाराम खूश. सगळ्यांना सांगत सुटला, "म्हातारीला आता वस्तूची कदर कळाय लागली."

सहा महिन्यांनी टोकावड्याच्या बाजारात बाईंची आणि कमळची गाठ पडली.

"काय गं, रेडिओ ऐकत नाहीस म्हणे?"

"कसा ऐकू? माझी खून पुसली यांनी. आता काटा कुठं आनायचा ते गवसत नाय. फिरवून बघाय गेलं का आतून ओरडतात, बटन पिळू नको, काट्याचा दोरा तुटंल."

"मग पुन्हा लाव टिकली!"

"नको बाई. आता किमतीची वस्तू झाली ना ती."

बाईंना भाजी घ्यायची होती, गाडी सुटायची होती. "तुम्ही दोघं म्हणजे!" असं म्हणून त्या निघून गेल्या. सावळारामला सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

दोन वर्षांनी तापाचं निमित्त होऊन कमळ गेली. तेराव्याला सावळाराम कौतुकानं कुणाला तरी सांगत होता की शेवटी शेवटी तिनं माझा रेडिओ कसा जपला. बाईंना राहवलं नाही. त्यांचा स्वभावच तो, खरं ते तोंडावर. "जपला नाही, सावळाराम," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिची टिकली पुसलीत, म्हणून ऐकायचा बंद झाला. मला बाजारात सांगितलं होतं तिनं."

 सावळारामच्या पत्रावळीतला भात तसाच राहिला.

पुढच्या खेपेला बाई गेल्या तेव्हा तेहतीस रेडिओंची झबली निघालेली होती. ज्याला हवा त्यानं न्यावा आणि ऐकावा, असं सावळारामनं सांगून टाकलं होतं. निम्म्या फळ्या रिकाम्या होत्या. तो स्वतः कमळच्या रेडिओसमोर तिचा कुंकवाचा करंडा घेऊन बसला होता. काचेवर सात-आठ ठिकाणी लाल ठिपके, पुसलेले, पुन्हा लावलेले.

"अहो, स्टेशन लागतं तिथंच असणार टिकली," बाई म्हणाल्या. "त्यात एवढं काय?"

"नाय बाई. आतला दोरा सैल झालाय. ती टिकली जरा अलीकडं लावायची आन मंग कानानं काटा पुढं न्यायची. किती अलीकडं, त्ये मी कधी बघितलंच नाय." तो थांबला. "तुमच्या फोनात तिचा फोटू हाय ना? मोठा करून आना. तेवढी जागा घावली का मी पहाटे लावत जाईन. तिच्यासारखा."

बाई 'आणते' म्हणाल्या. मुरबाडला फोटो स्टुडिओ स्टँडपासून शंभर पावलांवर. पहिल्यांदा गेल्या तेव्हा तो फोनच घरी राहिला होता. दुसऱ्यांदा दुकानदार म्हणाला, फोन फार जुना आहे, त्याची वायर घेऊन या. बाई त्याच्यावरच चिडल्या आणि परत आल्या. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग भाचीचं लग्न. अधूनमधून सावळारामचा फोन यायचा.

"बाई, जमलं का?"

"होईल हो."

शेवटचा फोन पौषात आला. बाई गॅसवर दूध ठेवून उभ्या होत्या. "अहो, टिकलीच तर आहे," त्या म्हणाल्या. "पळून जाते का?"

"तसं नाय," सावळाराम म्हणाला. "सवडीनं आना."

आठव्या दिवशी तो पहाटे चुलीपाशी गेला. शहापूरहून आलेल्या दर्शनाला तो तिथंच सापडला. रेडिओ चालू होता आणि नुसता खरखरत होता.

दहाव्याहून परत येताना बाई मुरबाडला उतरल्या. मोबाइलच्या दुकानातून त्या जुन्या फोनची वायर मागून घेतली. स्टुडिओ उघडा होता. त्याच्यावरून न थांबता त्या घरी आल्या.

वायर आणि फोन आता कपाटात एकाच पिशवीत आहेत. बाईंनी एकदा फोन चालू करून पाहिला. एवढ्याशा पडद्यावर कमळ हसतेय, आणि तिच्या बोटांच्या वर, काचेवर, काहीतरी लाल दिसतंय. नेमकं कोणत्या आकड्याच्या अलीकडं, ते मोठं केल्याशिवाय कळणार नाही.

टिकली कुठं पळून गेलेली नाही.