बादलीतला समुद्र

वाळूवर ओढून ठेवलेल्या आपल्या लाकडी होडीवर पांडूतात्या रोज सकाळी समुद्राचं पाणी ओततात. समुद्र पन्नास पावलांवर. अर्धी बादली भरायची, लंगडत आणायची, फळ्यांवर रिती करायची. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं ही होडी पाण्यात उतरलेली नाही.

"तात्या, एवढे हेलपाटे कशाला?" मी विचारलं.

"सुकली की फळ्या फाकतात. मग ती होडी राहत नाय, सरपण होतं."

"पण नळ इथेच आहे की."

"गोड्या पाण्यानं कुजते ती."

मला कशालाही नाव द्यायची खोड आहे. ही आशा म्हणावी की नुसती सवय, ते काही ठरेना. शेवटच्या बादलीत थोडं पाणी उरलं होतं. तात्यांनी ते आपल्या गुडघ्यांवर ओतलं.