तांबड्या बुटातले आबा

आमच्या आबांइतका लांबून ओळखू येणारा गुप्त पोलीस अख्ख्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. सगळी नोकरी त्यांनी गुन्हे शाखेत, साध्या वेशात काढली. पण पायात कायम पोलिसांचे तांबडे बूट, तेही पॉलिश करून चकचकीत. उंब्रजच्या स्टँडवर ते पेपरामागे तोंड लपवून बसले की पानवाला हमखास ओरडायचा, "साहेब, आज कुणावर पाळत?" पेपर खाली न घेता आबा म्हणायचे, "मी हितं न्हाई." त्यांना जाऊन वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, हे मला कळतं. पण लिहायला बसलं की आधी रागच येतो, त्याला काय करू?

निवृत्त झाल्यावर गुन्हेगार संपले, तपास संपला नाही. दारातल्या चपला बघून आत कोण बसलंय ते ते उंबऱ्यावरच सांगायचे, आणि चुकले तर पाहुण्यावरच चिडायचे. एकदा गुळाच्या ढेपेचा कोपरा गायब झाला. आबांनी ढेपेवर घमेलं पालथं घातलं, शेजारचे दोघे पंच म्हणून बसवले आणि दोन दिवस नातवंडांची उलटतपासणी केली. शेवटी काकू वैतागून म्हणाली, "आवं, मीच घातला म्हशीला. इचारलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?" आबा शांतपणे म्हणाले, "इचारून कळलेलं कच्चं असतं." आम्ही सगळे हसलो. मीही हसले, कारण तोवर माझी पाळी आली नव्हती.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. सांगलीला प्रवेश मिळाला, वसतिगृहात राहायला लागले, आणि आबा दर मंगळवारी हळद आणायला सांगलीला येऊ लागले. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी रिक्षा उभ्या असत. त्यातल्या एका रिक्षेखालून पलीकडचे तांबडे बूट स्पष्ट दिसत. मैत्रिणी म्हणायच्या, "तुझी हळद आली गं." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिकडे घरात पोती साठली. काकू विचारायची, "कुणाचं लगीन काढलंय का?" मी मात्र गप्प राहायचे. आबांपुढे बोलायची रीतच नव्हती आमच्यात.

दुसऱ्या वर्षी गावातल्या कुणीतरी वडिलांना येऊन सांगितलं की तुमची पोरगी मंगळवारी दुपारी कृष्णेच्या घाटावर एका पोराबरोबर बघितली. मी शनिवारी घरी आले तर वडिलांचा निर्णय झालेला. "बास झालं कॉलेज. सामान घिऊन यायचं."

मी सांगितलं, त्या दुपारी मी झेरॉक्सला गेले होते, मग लायब्ररीत होते. रडून सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. वडील माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते.

कोपऱ्यातून आबा म्हणाले, "मंगळवारी दुपारी ही झेरॉक्सच्या दुकानात हुती. मैत्रिणीसंगं वडापाव खाल्ला आन् आत गेली. सुटेस्तवर भाईर आली न्हाई."

"तुमाला काय ठावं?"

"मी हुतो तिथं. हळद आणाय गेलतो."

वडील म्हणाले, "आसं व्हय. मग जाऊ दे सोमवारी."

संपलं. माझं कॉलेज वाचलं. आणि मला इतका संताप आला की मी तशीच बाहेर आले. आबा अंगणात बूट पुसत बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. "मीबी तेच सांगत हुते ना, आबा! शब्दाला शब्द तेच! माझं का पटलं न्हाई? आन् तुमी माझ्यामागं कशाला येताय? मी काय चोर हाय?"

आबांनी मान वर केली नाही. "अक्काच्या येळी मी गेलो न्हाई," ते म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची मुलगी. बारावीला चांगले मार्क होते तिला. तिच्याबद्दलही असंच कुणी काही सांगितलं होतं, आणि महिन्याभरात तिचं लग्न लोणंदला लावून दिलं होतं.

"नोकरीत ऐकीव गोष्टीवर कुणाला उचललं न्हाई मी. घरात मातर..."

मला दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हणाले, "मग हे अक्काला सांगा."

ते तोच एक बूट कितीतरी वेळ पुसत राहिले.

त्यांनी तिला सांगितलं नाही. ते गेल्यावर मीच सांगितलं. अक्का ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "एवढं मला म्हणाया काय झालं हुतं?" आणि जाताना हळदीचं एक पोतं घेऊन गेली.

आता वडील फोनवर विचारतात, "कुठं हायस?" मी म्हणते, लायब्ररीत. ते थोडं थांबून "बरं" म्हणतात. ते थांबणं मला ऐकू येतं. माझा राग अजून तसाच आहे. तरी मंगळवारी झेरॉक्स काढून बाहेर पडताना मी थांबते, आणि उभ्या रिक्षांखालून पलीकडे एकदा बघून घेते.