न निघालेला धूर

साकोलीला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सौर पंप, गॅस, छतावरचे पॅनल, सरकारने काहीही काढलं की त्याची रांग आधी माझ्या दुकानाशी लागते. त्यामुळे एखादी वस्तू फुकट मिळतेय म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. शेगडीच्या वेळीही पडली होती.

माझं माहेर लाखनीकडच्या एका खेड्यात, तलावाच्या पाळीला लागून. मायकडे आधी योजनेचा गॅस आला. हार घालून फोटो निघाला, सिलिंडर संपला, आणि दुसरा भरायची वेळ आली तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं. रिकाम्या सिलिंडरवर कापड घालून मायने त्यावर कळशी ठेवली. मग एक कंपनी आली. तिने घरोघर लोखंडी शेगडी वाटली. तुरीच्या चार वाळक्या काड्यांत, तुऱ्हाट्यांत, चहा व्हायचा, आत बारीक पंखा फिरायचा आणि धूर जवळजवळ नाहीच. अट एकच, शेगडीच्या पोटाशी बसवलेली डबी काढायची नाही. शेगडी तापली की डबी कंपनीला कळवायची, आणि जेवढा धूर वाचला तेवढा कंपनी परदेशातल्या कारखान्यांना विकायची. ते तिकडे आपला धूर सोडणार आणि आमच्या न निघालेल्या धुराची पावती दाखवणार.

मायला हे समजावून सांगितलं तेव्हा तिचे तांदूळ निवडणारे हात थांबले.

"निंगालाच नाई धूर, तं इकतेत काय थे?"

"न निघालेलाच विकतात."

"अन् घेणाऱ्याले दिसते का?"

"नाही."

"मंग बरं हाय बाप्पा. फसला तरी त्याले समजत नाई."

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात, पण तिथे निदान बाजारात तुरी तरी असतात, असं मी म्हटलं. मायने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तिचे डोळे चुरचुरायचे थांबले होते आणि लाकडांसाठी जंगलात जाणं सुटलं होतं, तिला तेवढं पुरेसं होतं.

डबीला एक मोबाइल नंबर जोडावा लागे. घरातला बटणाचा फोन बाबांच्या खिशात, आणि मायला वाचता येत नव्हतं, म्हणून माझा नंबर दिला. तेव्हापासून रोज उजाडताना माझा फोन वाजायचा. "आज आपली शेगडी पेटली. धन्यवाद." सुरुवातीला मी वैतागले. मग सवय झाली, आणि सवयीच्याही पुढे गेलं. आम्ही मायलेकी फोनवर बोलणाऱ्यातल्या नव्हतो. तो मेसेज आला की माय उठली, तिचे गुडघे आज बरे आहेत, बाबांचा चहा झाला, हे सगळं मला कळायचं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहायचे.

थंडीत एका सकाळी मेसेज आला नाही. मी दुकान उघडलंच नाही, पहिली बस धरली. लाखनीच्या आसपास बाबांचा फोन आला, तेव्हा ते काय सांगणार हे मला माहीत होतं.

आमच्याकडे सुतकात घरची चूल पेटत नाही. भाऊबंद आळीपाळीने जेवण आणतात. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, त्याच गल्लीत राहते. तिने शेगडी पुसून मागच्या सपरीच्या, माय जिथे रांधायची त्या पडवीच्या, कोपऱ्यात सरकवली आणि वर टोपलं पालथं घातलं. ताटं येत होती आणि बाबा ती तशीच परत पाठवत होते. नागपूरहून माझा भाऊ आला, डॉक्टरला दाखवून झालं, रागावून झालं, पण बाबा घोटभर दूध-पाण्यापलीकडे जाईनात.

"असंच राह्यलं तं याच्यापाठी दुसरं सुतक," आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली.

दहाव्याला माय जिथे गेली तिथे तांदळाचं पीठ पसरून टोपलीखाली झाकलं. जीव ज्या रूपाने जातो त्याचं पाऊल त्यात उमटतं म्हणतात. सकाळी टोपली उचलली तर पीठ पसरलं होतं तसंच. मुंगीसुद्धा फिरली नव्हती.

"गेलीच नाई थे," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना माझा फोन वाजला. आज आपली शेगडी पेटली. धन्यवाद.

मी उठून सपरीत गेले. टोपलं पालथंच होतं. राख नव्हती, जळल्याचा वास नव्हता, तुऱ्हाट्यांची मोळी बांधलेली होती. टोपलं काढून हात लावून बघावं म्हणून वाकले, तेवढ्यात मागून आत्या आली.

"सुतकात चुलीले हात नोको लावू पोरी."

मी हात मागे घेतला. तिला मेसेज वाचून दाखवला, आणि ते ओसरीत बसलेल्या बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. त्या दिवशी बाबा जेवले.

शेगड्या वाटून गेलेली कंपनीची बाई आमच्याच भागातली होती. तिला फोन केला, तर रेंज नसली की मेसेज अडकतात आणि मग सावकाश सुटतात, असं ती म्हणाली. पटण्यासारखं होतं. मला ते पटलं, आणि पटल्याचं वाईटही वाटलं. पण तेरवी झाली, पाहुणे गेले, बाबांचा डबा आत्याकडून यायला लागला, शेगडीवरचं टोपलं कुणी हलवलं नाही, आणि मेसेज येतच राहिले. अडकलेले मेसेज असून असून किती असणार? शेवटी ती बाई येऊन डबी उघडून पाहून गेली.

"बिघाड काईच नाई. तुमची शेगडी तं गावात सगळ्यात चांगली चालून राहिली," ती म्हणाली. चहाला थांबली नाही. फाटकापर्यंत ती ओढणीला हात पुसत होती.

बाबा रोज सकाळी मला फोन करायचे. बोलणं एवढंच, "पेटली का?" मी हो म्हटलं की फोन ठेवून जेवायला बसायचे. भाऊ त्यांना नागपूरला न्यायला आला तेव्हा मी तिथेच होते.

"बाबा, मशीन बिघडलंय. झाकून ठेवलेली शेगडी पेटत नसते."

"त्यायनं न निंगालेला धूर खरा धरला," बाबा म्हणाले. "मंग हे काहून खरं नाई?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. रात्री फोन उशाशी पालथा घालून ठेवायचे. पण एखाद्या सकाळी तो वाजला नसता तर त्याहून जास्त भ्याले असते. भाऊ एकटाच परत गेला.

मोहफुलं पडायला लागली त्या दिवसांत कंपनीच्या बाईचा निरोप आला. तिकडे नियम बदलले, न निघालेल्या धुराला आता गिऱ्हाईक नाही. शेगड्या तुम्हीच ठेवा, डब्या तेवढ्या परत. मी दुकान बंद करून गेले. बाबा मोह वेचायला गेले होते. त्या बाईने टोपलं बाजूला केलं, पेचकसाने डबी काढली आणि पिशवीत टाकली. पिशवीत गावभरच्या डब्या होत्या. ती गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत त्या एकमेकींवर आपटत होत्या. टोपलं आत्याने परत झाकलं. बाबांना मी काही सांगितलं नाही, मुक्कामाला राहिले.

सकाळी सपरीत बसून होते. फोन मांडीवर मुका पडला होता. आत्याचं ताट येऊन झाकून ठेवलेलं होतं. बाबा दारापर्यंत आले. त्या दाराच्या आत ते कधी येत नसत, चूल हे मायचं राज्य.

"पेटली का?"

"पेटली," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. "मले समजलं. पहाटे शेगडीचा पंखा ऐकला मी," असं म्हणून ते ताट घेऊन ओसरीत गेले आणि जेवायला बसले.

शेगडी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी टोपलं उचललं नाही. ती थंड लागली असती तर उद्या बाबांना काय सांगू हे मला सुचलं नसतं, आणि गरम लागली असती तर त्या घरात मला बसवलं नसतं. ओसरीतून त्यांच्या जेवणाचा आवाज येत होता, तो संपेपर्यंत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.