कडकताईंचा बेत

सकाळपासून नुसतं धुकं. जुन्या बाजाराचा घड्याळमनोरा धुक्याने अर्धा गिळलेला, आणि दगडी कमानीला टेकलेल्या टपरीत इस्त्रीवाली फुंकणीने कोळसे फुलवत बसलेली. तिच्या हातचा सदरा जमिनीवर ठेवला तर उभा राहील, असं लोक म्हणायचे. म्हणून नाव पडलं कडकताई. स्वभाव मात्र अगदीच मऊ. कुणाला ‘नाही’ म्हणणं बाईंना जन्मात जमलं नव्हतं.

लग्न होऊन आल्यापासून त्या याच बाजाराच्या तोंडाशी बसल्या. पण दिवे लागल्यावरचा बाजार काही त्यांनी पाहिला नव्हता. लोक त्यांच्याच हातचे कपडे घालून नटूनथटून आत जायचे, आणि या राख झाडून घरी. आज मात्र नणंदेबरोबर जायचं म्हणजे जायचंच. निळा झगासुद्धा पिशवीत घालून आणला होता.

बटणांचं दुकान चालवणारी नणंद मूठभर बटणं घेऊनच आली आणि इस्त्रीच्या घोंगडीवर तिने बाजार मांडला.

“हे काळं म्हणजे घड्याळ. हे मोत्याचं म्हणजे गच्चीवरचं चहाचं दुकान. तिथे कठड्याला लागून बसायचं.”

“अगं, मला गरगरतं तिथे.”

“गरगरू दे की! त्यासाठीच तर चाललोय. आणि हे पितळी म्हणजे बँड. तिथे नाचायचं.”

“मी? या गुडघ्यांनी?”

“वहिनी, गुडघे घरी ठेवून या.”

दोघी इतक्या हसल्या की घड्याळ घरंगळून कोळशात जाता जाता वाचलं.

नणंद दुकानाकडे गेली आणि इथेच घोळ झाला. कडकताईंच्या पोटात गोष्ट राहते कुठे? न्हावी सदरा घेऊन आला, त्याला त्यांनी घोंगडीवरची बटणं दाखवत अख्खी रात्र ऐकवली. कठडा, चहा, नाच, सगळं. न्हाव्याच्या तोंडाला पाणी सुटलं. “आम्हीपण येतो की! बायकोचा झगा आणतो, तेवढा आजच द्या हं.” मग जो येईल त्याला तेच रसभरीत वर्णन, आणि जो ऐकेल तो घरी पळत जाऊन कपाटातले ठेवणीतले कपडे घेऊन हजर. कडकताई प्रत्येकाला म्हणाल्या, “ठेवा, देते.”

धुकं विरलं, ऊन आलं, तेही कलायला लागलं. नणंद वेणीफणी करून आली, तर टपरीत कपड्यांचा डोंगर.

“वहिनी? अहो, आहात कुठे?”

“इथे. कोटांच्या मागे.”

“हे काय होऊन बसलं?”

“सगळे बाजारात चाललेत गं. आपलाच बेत उचललाय.”

“आणि आपण?”

कडकताईंचे डोळे भरले. तेवढ्यात बाहेरून न्हावी ओरडला, “ताई, उरका की, संध्याकाळ झाली!”

“माझीपण झाली!” असं म्हणून त्यांनी इस्त्री धाडकन टेकवली. “नाही करत जा!”

बाहेर जमलेले सगळे टपरीत वाकून बघायला लागले. हा शब्द त्या तोंडातून कुणी ऐकलाच नव्हता. गर्दीतल्या बँडमास्तरांचा चेहरा पडला. त्यांचा लाल कोट ढिगाच्या तळाशी होता.

“अहो, मी काय बनियनवर वाजवू?”

“वाजवा. नाहीतर आत या आणि फुंकणी धरा. जायचं तर सगळ्यांनी मिळून.”

मग काय विचारता! बँडमास्तरांनी छातीत भरलेली सगळी हवा फुंकणीत ओतली. कोळसे रसरसले आणि राख त्यांच्या मिशीवर बसली. न्हाव्याने दुकानातला फवारा आणून कपड्यांपेक्षा माणसंच जास्त भिजवली. नणंद तुटकी बटणं लावत होती आणि कडकताईंची इस्त्री नुसती धावत होती. दिवे लागायच्या सुमारास डोंगर सपाट झाला. ज्याचा त्याचा ऊन ऊन कपडा अंगात. बँडमास्तरांनी कमानीखालीच कर्णा तोंडाला लावला.

“चला!” नणंदेने हात ओढला.

“थांब.” कडकताईंनी पिशवीतून निळा झगा काढला. त्याचा पार बोळा झालेला.

“आता अंधारात कोण बघतंय, वहिनी?”

“सगळे बघतील. इस्त्रीवालीच चुरगळलेली? छे!”

त्यांनी इस्त्रीचं झाकण उघडलं. तळाशी थोडी धग होती. बँडमास्तरांनी मुकाट्याने कर्णा खाली ठेवला आणि फुंकणी उचलली. कडकताईंनी घोंगडीच्या कडेला राहिलेलं घड्याळाचं काळं बटण बाजूला सारलं, झगा अंथरला आणि कॉलरपासून सुरुवात केली.