पोसायडनचा नेपच्यून

जर्मनीत एर्लांगेनच्या आमच्या बिल्डिंगची देखभाल बघणारे हाउसमाइस्टर तळघरातल्या वॉशिंग मशिन्सना ग्रीक देवांची नावं देतात. मशिन दुरुस्त होऊन आलं, की जुनी चिठ्ठी खरवडून त्याच देवाचं रोमन नाव चिकटवतात. झ्यूसचा ज्युपिटर झालाय, पोसायडनचा नेपच्यून. ड्रायर मात्र अपोलो. रोमन लोकही त्याला अपोलोच म्हणायचे, म्हणून तो बिघडतच नाही, असं त्यांचं ठाम मत. प्रत्येक वाक्याआधी "आल्झो", म्हणजे आपलं "तर", आणि मिशीवरून एक बोट.

परवा मी सहज म्हटलं, "आमच्याकडे लग्नात बायकोचं असंच करतात. नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितो. माझंही बदललं."

हातातला पाना खाली ठेवून त्यांनी काळजीने विचारलं, "आल्झो, तुमच्यात काय बिघडलं होतं?"

मग त्यांनी माझं जुनं नाव विचारलं आणि दोनदा घोकलं.

शनिवारी धुण्याच्या पाळ्यांच्या यादीत आमच्या फ्लॅटसमोर तेच नाव! आमचे हे गोंधळले. "अगं, ही कोण?"

"मीच," म्हटलं, "दुरुस्तीला जाण्याआधीची."