सोमवारचा घेवडा

भिमाजी अंगणात उकिडवा बसून सॉसेज कापत होता. श्रावणातला सोमवार, सकाळचे साडेनऊ वाजलेले, आन हा गडी आपल्याच दारात फळकुटावर कोंबडीच्या सॉसेजच्या चकत्या पाडतोय. घरातल्या विळीला त्यानं हात लावला न्हाई. ती रतनबाईची, त्याच्या बायकोची. बंगल्यावरची जुनी सुरी होती, तिच्यानं कापत होता. चूलबी बाहेरच मांडलेली, तीन विटांची, वर पत्रा तिरका टाकलेला. कुसगावात श्रावणात पाऊस धड पडतबी न्हाई आन जातबी न्हाई, धुक्यात नुसता लोंबकळत राहतो.

शेजारचा कैलास बेलाची पानं घेऊन देवळात निघालता. कुंपणापाशी त्याचं नाक थांबलं, मंग पाय थांबले.

"भाऊ, काय शिजवताय?"

"घेवडा."

"घेवड्याला असा वास कधीपास्नं यायला लागला?"

"तू देवळात चाललायस ना? जा. देवाला उशीर व्हतोय."

"देवाला कसला उशीर. मला दुकान उघडायचंय." कैलास कुंपणावरनं वाकला. "खरं सांगा, कोंबडी हाय?"

"हाय."

"आन तुमचा सोमवार?"

"माझा सोमवार माझ्यापाशी हाय. मी कापतोय. खात न्हाई."

"वैनी वरनं बघत आसंल."

"बघू दे. मी बंगल्यावर काय करायचो ते तिला म्हाईत हाय."

हे खोटं होतं. भिमाजी बंगल्यावर लागायच्या आदीच रतनबाई गेलती.

अकरा वर्सं झाली तिला जाऊन. पोरबाळ न्हाई. साड्या भावजयीनं नेल्या, जोडवी नणंदेनं नेली. तिचं म्हणून घरात काय उरलं तर विळी, एक फोटो आन सोमवार. ती सोमवार धरायची, लय कडक. लोकं संध्याकाळी सोडतात, हिचा मंगळवारी सकाळी सुटायचा. दिवसभर पाणी आन एखादं केळं, बास. ती गेली त्याच्या पुढच्या सोमवारी भिमाजी जेवलाच न्हाई, आन तितनं पुढं एकबी सोमवार जेवला न्हाई. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिचे राहिलेत काही." किती राहिलेत ते त्यालाबी म्हाईत नव्हतं. पण तेवढा एक दिवस घरात दोन माणसं असल्यासारखं वाटायचं त्याला. हे त्यानं कुणाला सांगितलं न्हाई, पण आमच्यासारख्या आळीतल्या बघणाऱ्याला दिसायचं.

मंग तो बंगल्यावर स्वयंपाकाला लागला. तितला साहेब अमेरिकेतला, लुईझियाना नावाच्या मुलखातला. तळेगावच्या एका कंपनीत मशिनी बसवायला आलता. नाव होतं बुड्रो. गावानं दोन दिवसांत त्याचं बुधराव केलं. आडमाप उंच, लाल मानेचा, आन गप. त्याचीबी बायको गेलेली. सामानात दोन बॅगा आन एक बिडाचं पातेलं, एवढं जड की ते उतरवायला ड्रायव्हरला दुसरा माणूस बोलवावा लागला.

त्या पातेल्यात दर सोमवारी एकच गोष्ट शिजायची. साहेबाच्या मुलखात सोमवार म्हंजे धुण्याचा दिवस. बाया सकाळी घेवडा मंद आचेवर ठेवतात आन धुणं काढतात, दुपारपतूर धुणंबी होतं आन जेवणबी. साहेबाकडं धुणं मशीन धुवायचं, पण घेवडा सोमवारचाच. त्यानं भिमाजीच्या शेजारी उभं राहून शिकवलं. रात्री घेवड्याचे लाल दाणे भिजत घालायचे. सकाळी सॉसेजच्या चकत्या खरपूस लाल करायच्या आन काढून ठेवायच्या. सुटलेल्या चरबीत कांदा, ढोबळी मिरची आन सेलेरी परतायची. सेलेरी म्हंजे जाड्या कोथिंबिरीच्या देठासारखी भाजी, लोणावळ्यात बंगलेवाल्यांसाठी येते. मंग लसूण, तमालपत्र, लाल तिखट, घेवडा, पाणी. कुकर लावायचा न्हाई. तीन तास बारीक जाळावर. शेवटी पळीनं थोडा घेवडा पातेल्याच्या कडेला रगडायचा, म्हंजे रस्सा दाट व्हतो. मंग भातावर.

पहिल्या सोमवारी साहेबानं दुसरी बशी पुढं केली. "यू ईट, भीमा?"

भिमाजीनं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शंकराकडं बोट केलं. "मंडे. नो."

साहेबानं मान हलवली. परत कधी विचारलं न्हाई. सहा वर्सं असं चाललं. एक टेबलावर बसून जेवायचा, एक ओट्याला टेकून उपाशी उभा. बोलणं काहीच न्हाई. साहेब दोन्ही टायमाला तेच खायचा, मंगळवारी पातेलं कोरडं. उठताना म्हणायचा, "गुड, भीमा." भिमाजीला पुढच्या सोमवारपतूर तेवढं पुरायचं.

म्हंजे त्यानं सहा वर्सं घेवडा रांधला आन एकदाबी तोंडाला लावला न्हाई. वासावर रांधला, रंगावर रांधला. आमच्याकडं नैवेद्य करणाऱ्या बाया करतात ना चव न घेता, तसा.

मंग साहेबाला विसरायला व्हायला लागलं. चष्मा फ्रीजमध्ये, चपला गॅलरीत. पोरगी येऊन घेऊन गेली, त्याला दोन वर्सं झाली. बंगला आता शनिवार-रविवारच्या पार्ट्यांना जातो. भिमाजी तितंच त्या लोकांना पोहे आन भजी करून घालतो. त्याचं नाव कुणी विचारत न्हाई, "काका, चटणी" एवढंच. सोमवारी बंगला रिकामा, आन हा घरी.

आन आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, त्याच्या मोबाईलवर साहेबाच्या पोरीचा व्हिडिओ कॉल आला. क्लेअर तिचं नाव. भिमाजीचं इंग्रजी म्हंजे सॉल्ट, हॉट आन फिनिश. तो फोन तसाच चालू धरून कैलासच्या घरात पळाला. कैलासची पोरगी अनघा लोणावळ्याला हॉटेलच्या काउंटरवर हाय, ती फाडफाड बोलते.

अनघानं ऐकलं आन एकेक सांगत गेली. "आबा, साहेब जेवत न्हाईत म्हणे. निस्ती हाडं राहिलीत. दर सोमवारी इचारत्यात, भीमाचा घेवडा कुटंय. हिनं आजीच्या पद्धतीनं केला, आईच्या पद्धतीनं केला, हॉटेलातनं आणला. एक घास घेत्यात आन बशी ढकलत्यात. म्हणत्यात हा न्हाई."

भिमाजीनं सगळं सांगितलं, क्रमानं. क्लेअर म्हणली, ते सगळं मी घालतेच. मंग अजून काहीतरी बोलली.

"आबा, ती म्हणते, एवढंच सांगा, तुमच्या घेवड्याची चव कशी असायची? तिखट, खारट, कशी? ती तशी जमवती."

भिमाजी दाराकडं बघायला लागला.

"आबा, चव इचारतीय."

"सांग तिला, उद्या सांगतो."

"चव सांगायला उद्या कशाला?"

"सांग म्हणलं ना. आन म्हणाव घेवडा आज रात्री भिजत घाल. उद्या तिच्या सकाळी फोन कर म्हणाव."

अनघानं बापाकडं बघितलं, बापानं टीव्हीकडं. भिमाजी चपला न घालताच परत आला.

म्हणून तो सोमवारी पहिल्या टमटमनं लोणावळ्याला गेलता, सॉसेज आन सेलेरी घेऊन आलता, आन म्हणून श्रावणात दारात कोंबडीचा वास सुटलाता. मंगळवारपतूर थांबता आलं असतं, पण साहेब घेवडा सोमवारीच मागतो, आन पुढच्या सोमवारला अजून आठ दिवस. निस्ती हाडं राहिलेल्या माणसाला आठ दिवस लय असतात. दुसऱ्या कुणाला चाखायला सांगावं तर आख्ख्या आळीला उपास. आन दुसरा चाखून सांगणार काय?

एक वाजता घेवडा शिजला. त्यानं कडेला रगडला. वास अगदी बंगल्यावरच्या सोमवारचा आला. त्यानं वाटीभर रस्सा घेतला आन उंबऱ्यावर बसला.

बसला तो बसलाच. रस्सा गार झाला. परत गरम केला, परत बसला. देवळातली घंटा वाजत राहिली. अकरा वर्सांत तापात सोमवार मोडला न्हाई, पुतण्याच्या लग्नात मोडला न्हाई. हा मोडला की तिचं घरात काय राहिलं? विळी आन फोटो. पाच वाजायला आले. अनघा सहाला येणार, फोन सातला. चुलीतला जाळ विझत चाललाता.

"रतन," तो मोठ्यानं म्हणला, "बुधराव उपाशी हाय."

आन वाटी तोंडाला लावली.

खारट! एवढं खारट की जीभ आत वळली. त्याला वाटलं उपासानं तोंड खराब झालंय. पाण्यानं चूळ भरली, परत घोट घेतला. खारटच. सॉसेजला मीठ अंगचंच असतं, ते घेवड्यात उतरतं, आन वरनं हा सहा वर्सं मूठ सोडत आलाता. साहेब दर घासाला पाणी प्यायचा. भिमाजीला वाटायचं, तिखट लागतंय गोऱ्या माणसाला.

त्याचे कान तापले. आख्खा जन्म चुलीपुढं काढलेला माणूस. शेकडो माणसांच्या पंगती उठवल्या, मिठावरनं कुणी बोट दाखवलं न्हाई. आन ज्या एका माणसानं त्याला नावानं हाक मारून "गुड" म्हणलं, त्याला त्यानं सहा वर्सं मिठाचं पाणी पाजलं.

सातला फोन लागला. तितं सकाळ. क्लेअरच्या मागं ओट्यावर पातेलं दिसत होतं, तेच बिडाचं. तिनं फोन फिरवला. खिडकीपाशी खुर्चीत साहेब बसलाता. मान बारीक झालेली, सदरा खांद्यावरनं उतरलेला. त्यानं फोनमध्ये लय वेळ बघितलं.

"मंडे?" साहेब म्हणला.

"यस साहेब. मंडे."

"यू ईट, भीमा?"

भिमाजी फोनच्या जवळ सरकला. "यस साहेब. ईट."

साहेब हसला का कसं, कळलं न्हाई. चित्र अडकलं आन परत क्लेअर दिसली, कागद-पेन घेऊन. भिमाजीनं सगळं परत सांगितलं, अनघा इंग्रजीत करत गेली.

"मीठ, आबा?"

भिमाजीनं कुंपणाकडं बघितलं. "एक चमचा. लहान."

"आन चव कशी म्हणू?"

"मवाळ म्हणाव. तिखट मागनं लागतं. मीठ... मीठ बेताचं."

क्लेअरनं ते लिहून घेतलं.

अंधार पडायच्या आत कैलास कुंपणापाशी आला. भिमाजी उंबऱ्यावर भात आन घेवडा कालवून खात होता, शेजारी पाण्याचा तांब्या. एवढं अन्न टाकणार कुटं? दोन घास, की पाणी. दोन घास, की पाणी.

"मोडला?" कैलासनं विचारलं.

"मोडला."

कैलास कुंपणावरनं वाकला. "भाऊ, आमच्याकडं वरईचा भात हाय. पाठवू?"

"नको. पोट भरलं."

मंगळवारी सकाळी अनघा कामावर जाताना दारात थांबली. मोबाईल पुढं धरला आन वाचून दाखवलं, साहेबानं आख्खी बशी संपवली, क्लेअर लय आभारी हाय.

"आख्खी?" भिमाजीनं विचारलं.

"आख्खी, आबा."

"मंग मीठ बरोबर झालं म्हणायचं," भिमाजी म्हणला आन घरात गेला. आतनं बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. पुढं आठ दिवस तो टमटमवाल्यांना सांगत सुटलाता की अमेरिकेत आपल्या हातचं जेवत्यात. टमटमवाले म्हणायचे, "काका, मंग तिकडंच जा की." त्याला त्याचंबी काही वाटत नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्यानं परत उपास धरला. पण पयल्यासारखा न्हाई. संध्याकाळी दिवा लावला की सोडायचा, सगळ्या आळीसारखा. मंगळवारपतूर ताणायचं त्यानं बंद केलं. दिवा लावून तो थोडा वेळ भिंतीकडं तोंड करून बसायचा आन मंग एकट्यापुरता भात टाकायचा.

गणपती उठले आन तिकडनं साहेब गेल्याचं कळलं. भिमाजीनं डोक्यावरनं आंघोळ केली. ह्या आळीत बुधरावाचं सुतक पाळणारा तो एकटाच.

पुढचं दिवाळीत कळलं. क्लेअरनं अनघाला एक लांबलचक मेसेज टाकला, फक्त तिलाच. अनघानं मला वाचून दाखवला. भिमाजीला ह्यातलं काही म्हाईत न्हाई, आन कुणी त्याच्या कानावर घातलं तर माझ्याशी गाठ हाय. खरं तर त्या सोमवारी साहेबानं एकच घास घेतला, बशी ढकलली, आन पोरीला म्हणला, "हा भीमाचा न्हाई. ह्यात मीठच न्हाई."