पंचनाम्यातलं शिलाई मशीन

मी शेळ्यांचा व्यापारी. सोळाव्या वर्षी उसना बोकड घेऊन येरमाळ्याच्या बाजारात उभा राहिलो, तिथून इथवर आलो. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा आणि ठरला की मागं हटायचं नाही, एवढंच मला येतं. त्यामुळं नगरपरिषदेनं माझ्या पत्र्याच्या शेडला व्यापारी गाळ्याचा कर लावला, तेव्हा मी तो सौदाच समजलो.

शेळ्या बांधायची जागा आणि कापडाचं दुकान एकच, असं त्यांचं लेखी उत्तर आलं. अपील करायचं तर आधी रक्कम भरा म्हणाले. आधी पैसे मोजायचे आणि मग भाव करायचा, असा बाजार मी कुठं पाहिला नाही. मी भरलं नाही, अपीलही केलं नाही. बिल आलं, मागणीची नोटीस आली, शेवटी जप्तीचं अधिपत्र निघालं. शेडला गाळा म्हणणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही. पण पुढं जे झालं ते त्यांनी केलं नाही.

मी गाफील नव्हतो. एका वकिलाकडून कायद्याच्या पानांची झेरॉक्स आणून आठ दिवस वाचली होती. पथकानं दिवसाउजेडीच यायचं. अधिपत्र दाखवायचं. दार लावून घेतलं तर रीतसर बजावून ते तोडता येतं, म्हणून मी दार सताड उघडं ठेवलं. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं यांना मात्र हात लावता येत नाही. या ओळीखाली मी पेनानं रेघ मारली होती.

सकाळी दहाला पथक आलं. प्रमुख एक तरुण कर निरीक्षक बाई. बरोबर दोन शिपाई आणि दोन पंच. पंचांतला एक आमच्याच बाजारातला, माझ्याशी वीस वर्षं चुरस करणारा व्यापारी. दारात गल्ली गोळा झालेली. मी झेरॉक्स हातात धरून एकेका वस्तूवर वाद घातला. गाद्या सोडवल्या. टीव्ही आणि फ्रीज गेले.

मग बाई खिडकीजवळच्या शिलाई मशीनपाशी थांबल्या. दोरा ओवलेला होता, बाजूला कापलेल्या ब्लाउजांची चळत होती. लग्नसराई तोंडावर आलेली.

"हे कुणाचं?"

"बायकोचं," मी म्हणालो.

"कामाचं आहे ना? यावर त्या कमावतात, असं लिहिते. मग हे घेता येणार नाही आम्हाला."

मी झेरॉक्स पुढं करणार, तेवढ्यात तो पंच हसला. "मंग काय शेठ, बायकूच्या शिलाईवर चालतंय म्हणा की घर. आमाला वाटलं, शेळ्या ईकताव तुमी."

गल्ली हसली. ज्या साली रोगानं माझ्या बत्तीस शेळ्या गेल्या, त्या साली चार महिने आमची चूल या मशीनवर पेटली होती. बाजारात मी सांगितलं होतं, जुन्या शिलकीवर निभावतोय. माझ्या घरातल्या बाईला कमवावं लागत नाही, हे वाक्य मी इतक्यांदा बोललो होतो की ते आपोआप तोंडात आलं.

"हौसेचं हाय ते," मी म्हणालो. "टाईमपास. घेऊन जावा."

बाईंनी पेन उचललं नाही. "काका, नीट विचार करून सांगा."

"एकदा सांगितलं की. ल्ह्या."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडं पाहिलं. ती पुढं आली, सुईतला दोरा तोडला, ब्लाउजांची चळत छातीशी धरली आणि आत गेली. शिपायांनी मशीन उचललं. पंचानं सही केली, मीही केली. माझ्या सहीच्या वर लिहिलं होतं : शिलाई मशीन एक, हौसेचे.

सहाव्या दिवशी मी सगळी रक्कम दंडासकट भरली. मशीन टेम्पोत घालून आणलं, होतं त्याच जागी ठेवलं, तेलही घातलं. तोवर तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कापड परत केलं होतं. कापून झालेल्या ब्लाउजांच्या कापडाची भरपाई साडीच्या घडीत साठवलेल्या पैशातून दिली होती. माझ्याकडं मागितले नाहीत.

"आता शिव की," मी म्हणालो.

"बघू," ती म्हणाली.

पुढं ती या विषयावर बोललीच नाही. भांडली असती तर मी भांडणात काहीतरी सोडलं असतं. ते मला जमतं. गप्प माणसाशी सौदा कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नाही.

गेल्या महिन्यात बचत गटाची बाई अर्ज भरायला घरी आली. मी ओसरीवर बसलो होतो. आत तिनं विचारलं, "ताई, व्यवसायात काय लिहू? शिलाई?"

"न्हाय," माझी बायको म्हणाली. "काईच करत न्हाय म्हणून लिव्हा. ते मशीन हौसेचं हाय. मालकांनी सही करून दिलंय तसं."

अर्जाचं पान उलटल्याचा आवाज आला. मी उठून शेडकडं गेलो.